बारा डॉलरच्या सळ्या

थंडर बे,
१८ एप्रिल

प्रिय रेयो,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी भांडून घेते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. बाबांना पोचवून आलो त्या दुपारी तू बाजारातून कुलूप आणलंस, होडीच्या शेडच्या दाराला ठोकलंस आणि डुलूथला निघून गेलास. त्यानंतर चार वर्षं तुझा एक शब्द नाही. आणि डिसेंबरात माझ्या बासष्टाव्या वाढदिवसाला पोस्टाने काय आलं? कुलपं उघडायच्या सळ्यांचा बारा डॉलरचा संच! सोबत चिठ्ठी, तीही दोन ओळींची. कुलूप आपलं असेल किंवा मालक हो म्हणाला असेल, तरच उघडायचं. वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. खाली सहीसुद्धा नाही. अरे, बहिणीला असं पत्र लिहितात?

तुझा हा छंद मला कधीच कळला नव्हता. हिवाळाभर करायला दुसरं काही नव्हतं म्हणून बसले. पण स्वस्त म्हणजे किती स्वस्त आणायचं याला काही मर्यादा? सतरा सळ्या, त्यातल्या तीन कामाच्या. बाकीच्यांनी दात कोरावेत. कडा इतक्या खरखरीत, की सळई कुलपात घातली की आतल्या पिनांना अडकून बसायची. मुठी अशा पातळ, की अर्ध्या तासात अंगठ्यावर वळ. आणि संचातलं ते सरावाचं पारदर्शक कुलूप! त्यात सगळं दिसतं, म्हणून वाटलं, आलं आपल्याला. साधं कुलूप हातात घेतलं तेव्हा कळलं की आपण इतके दिवस बोटांऐवजी डोळ्यांनीच शिकत होतो. ते कुलूप मी कचऱ्यात टाकलं. रागावलास तर रागाव.

जानेवारीत मी तुझा दुसरा नियम मोडला. घराच्याच पुढच्या दारावर हात चालवून बघावा म्हटलं. बाहेर उणे पंचवीस, पायात घरातल्या सपाता, दार मागे ओढून घेतलेलं. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. सळईचं टोक आत तुटलं आणि किल्लीही जाईना. शेजारच्या वेल्माने मला तिच्या सॉनाच्या गरम वाफेत नेऊन बसवलं आणि कुलूपवाला येईपर्यंत हसत होती. "इर्या, या वयात स्वतःच्याच घरात चोरी?" म्हणाली. सगळ्या गल्लीला तिने ते सांगितलंय, तू आलास तर तुलाही सांगेल.

मग मी वाचनालयात दर बुधवारी जमणाऱ्या तुझ्यासारख्या कुलूप-छंदिष्टांच्या मंडळात जायला लागले. तिथे ड्युकेट म्हणून एक आहेत, तीस वर्षं शाळेची बस चालवलेले. माझा संच बघून त्यांनी कपाळावर हात मारला. पण टाकून दे म्हणाले नाहीत. "बाई, स्वस्त हत्यार वाईट नसतं, अर्धवट असतं. उरलेलं आपण करायचं." तेव्हापासून स्वयंपाकघराच्या टेबलावर मी सळ्या घासतेय. आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, बोट फिरवलं की काही लागू नये इतकं. मुठींना कापडी चिकटपट्टी गुंडाळली. वापरून झालं की पुसायचं आणि तेलाचा हलका हात द्यायचा, नाहीतर आठवड्यात गंज. कुलपात मात्र तेल घालायचं नाही, पेन्सिलीच्या शिशाची पूड घालायची. हे सगळं तुला माहीत असणार. मग चिठ्ठीत दोन ओळी जास्त लिहायला काय झालं होतं?

कुलपाला ताण देणारी पट्टी तर संचातली पहिल्याच आठवड्यात वाकली. ड्युकेट म्हणाले, बर्फ वितळल्यावर रस्ता झाडणारी गाडी जाते, तिच्या ब्रशाच्या पोलादी काड्या कडेला पडतात, त्यांच्यासारखी पट्टी विकत मिळत नाही. म्हणून गेला आठवडा मी गटाराच्या कडेने मान खाली घालून फिरतेय. पाद्रीबाईंनी गाडी थांबवून विचारलं, काही हरवलंय का. हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

नऊ काड्या मिळाल्या. त्यातल्या दोन वाकवून, घासून घेतल्या आहेत. शेडला आहे अगदी तसंच कुलूप मी बाजारातून आणलं आणि आता ते मिनिटाच्या आत उघडतं. चाळीस वेळा उघडलंय, मोजून.

आता शेडचं सांगते. यंदाच्या बर्फाने छप्पर मधोमध खचलंय. फटीतून आत बघितलं तर पाणी नेमकं होडीवर पडतंय, तू आणि बाबा जिच्या फळ्या बसवत होतात त्या बाजूला. आणखी एक पावसाळी महिना गेला तर ती कुजेल. वेल्मा म्हणते कुलूप कापून टाक, कटर मी देते. पण कापलेलं कुलूप पुन्हा लावता येत नाही. परवा सळ्या घेऊन तुझ्या कुलपासमोर उभी राहिले. गंज पुसला, शिशाची पूड घातली, भोकावर चिकटपट्टी लावली आणि परत आले. चार वर्षं कुणी हात न लावलेलं कुलूप वापरातलं म्हणायचं की नाही, यावर मंडळात वाद झाला. पण पहिल्या नियमावर कुणाचंच दुमत नव्हतं. शेड माझी असली तरी कुलूप तुझं आहे.

म्हणून हे पत्र, रेयो. मालकाला विचारतेय: उघडू का? त्या दुपारी मी होडी सॉनाच्या चुलीत घालीन म्हणाले, ते मला बाबांचा राग आला होता म्हणून. होडी अर्धी टाकून गेले म्हणून. तुझ्यावर काढायला नको होता. माझं चुकलं, आणि हे म्हणायला मला चार वर्षं लागली. हो म्हणायचं असेल तर दोन ओळी पाठव, तुला दोनच येतात. नाही म्हणायचं असेल तर मात्र इथे येऊन, माझ्या तोंडावर म्हण. आणि किल्ली हरवली म्हणून येत नसशील, तर त्याची काळजी करू नकोस. मला उघडता येतं.

तुझीच,
इर्या