शरयूच्या पुस्तकांना चाकं कशी लागली

जबलपूर,
दि. ६ मे

ती. भानुताईस,

धाकट्या मुरलीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून मधल्या पायरीवर बसवून ठेवतो, ते आधी कळव. अमरावतीचं ऊन तुला मानवत नाही हे ठाऊक आहे. दुपारची बाहेर पडू नकोस. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (हे पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं पुढे येतं आहे.)

आमच्या शरयूच्या दुसऱ्या वाढदिवसाला तू चित्रांची पाच पुस्तकं पाठवलीस, त्याला साडेतीन महिने झाले. नातीला पुस्तकं आवडली का, असं तू फोनवर तीनदा विचारलंस, आणि तिन्ही वेळा मी 'हॅलो, आवाज कटून राहिला' म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बहिणीशी खोटं बोलायची मला लाज वाटते आणि खरं बोलायची भीती वाटते, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट, जी तुला कोणी सांगितलेली नाही. शरयू बोलत नव्हती. दोन वर्षं पूर्ण झाली तरी आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. तोंडातून निघत ते फक्त आवाज: ऑटोचा, स्कूटरचा, ट्रकचा, रेल्वेच्या इंजिनाचा. तेही इतके हुबेहूब की एकदा तिनं अंगणात मागून हॉर्न दिला तेव्हा दूधवाल्यानं वळून न पाहता आपली मोटरसायकल बाजूला घेतली. आम्ही हसलो. मनीषा हसली नाही. सुनेच्या मनात काय चाललं आहे हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. फेब्रुवारीत तिनं शरयूला नेपियर टाउनमधल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. बाई म्हणाल्या, मोबाइल बंद करा, रोज कोणीतरी मांडीवर घेऊन पुस्तक वाचा आणि तीन महिन्यांनी दाखवायला आणा. केतन ऑफिसात, मनीषा तिच्या शाळेत; उरलो मी.

ताई, तुझ्यापासून काय लपवायचं? केतनला मी जन्मात कधी गोष्ट वाचून दाखवली नाही. त्याची आई, नंदा, आजारी पडली तेव्हा तो वर्षभर तुझ्याकडे राहिला, त्याच्या वाटणीच्या सगळ्या गोष्टी तूच वाचल्यास. मी चौतीस वर्षं कारखान्यात लष्कराचे ट्रक तपासले. ट्रकला कोणी गोष्ट वाचून दाखवत नाही.

तर पहिलं पुस्तक उघडलं ते बदकाचं. मी चष्मा लावून, घसा साफ करून सुरुवात केली. शरयूनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, भराभर शेवटपर्यंत पानं उलटली, मिटलं आणि परत दिलं. अर्ज अपुरा आहे म्हणून सिविल लाइंसमधल्या कचेरीत बाबू परत करतो, तसं. गाडी नव्हती ना त्यात! राजाच्या पुस्तकात पालखी निघाली, तर तिनं पुस्तक उलटं धरून पाहिलं, खाली चाकं नाहीत म्हणून पालखीही नामंजूर. खारीच्या पुस्तकात मात्र नवव्या पानावर, झाडामागे, नखाएवढी लाल बस आहे. (तू विकत घेतलंस तेव्हा तुलाही दिसली नसेल. मला तर भिंग लागलं.) तिला ती पहिल्या दिवशीच सापडली. त्यानंतर सतरा दिवस आम्ही फक्त नववं पान वाचलं.

मग मी जे केलं ते तू शाळेत कधी खपवून घेतलं नसतंस. मी छापलेलं सोडून मनाचं वाचायला लागलो. बदक चालत बाजारात गेलं असं लिहिलेलं असताना मी त्याला टेम्पोत बसवलं. खार मावशीकडे स्कूटरवर जायला लागली, हेल्मेट घालून. शरयू माझ्या छातीला पाठ टेकून ऐकायची, आणि मी थांबलो की डोक्यानं मागे ढुशी द्यायची, म्हणजे पुढे चालू द्या. पण एके दिवशी तिनं बदकाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. टेम्पो कुठे आहे? प्रश्न रास्त होता. मी खिशातलं पेन काढलं आणि बदकाखाली दोन चाकं काढली. पहिली दोन माझी, हे कबूल करतो. बाकीची सगळी तिची. आता राजाला चाकं आहेत, राणीला आहेत, सूर्याला आहेत, आणि मागच्या कव्हरावर लेखिकेचा फोटो आहे त्या बाईंनाही आहेत.

पाचवं पुस्तक कोंबडीचं. केतनच्या वेळचं, तू इतकी वर्षं सांभाळून ठेवलेलं. ते मी कपाटावर ठेवलं होतं. एका रविवारी केतननं ते काढलं, शरयूला मांडीवर घेतलं आणि पुस्तक न उघडताच सगळी गोष्ट म्हणून दाखवली. तुझ्या हेलात, ताई. तू जिथे श्वास घ्यायचीस तिथेच श्वास घेऊन. मी दारात उभा होतो, चहाचा कप हातात, तो तसाच गार झाला. मुलाचा राग आला नाही, तुझाही नाही. इतकंच वाटलं की हे त्याच्या आवाजात मी ठेवायला हवं होतं. (कोंबडीलाही आता चाकं आहेत. पिल्लांना एकेकच, लहान आहेत म्हणून.)

पुस्तकं पाहून मनीषा म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी वाचायला सांगितलं होतं. तुम्ही हे काय गॅरेज करून राहिले?" तीही चुकीची नव्हती. तीन महिने संपत आले होते आणि पोरगी अजून घुर्र घुर्रच करत होती. मला वाटलं, चित्रातली बस खरी दाखवावी, कदाचित तोंड उघडेल. खारीचं पुस्तक घेऊन मी तिला बसस्टँडवर नेलं. नुसतं दोन मिनिटं आत बसू म्हणून एका लाल बसमध्ये चढलो. शरयूनं समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि बस सुटली. ओरडलो असतो तर थांबली असती, पण तिचा चेहरा पाहून मला ओरडवेना. थेट सिहोऱ्यापर्यंत गेलो, चाळीस किलोमीटर. तिथल्या स्टँडवर बाकावर बसून नववं पान वाचलं, परतीच्या बसचा कंडक्टर शेजारी येऊन ऐकत उभा राहिला आणि मी थांबलो तेव्हा म्हणाला, "बाबूजी, फिर आगे?" आगे काय, नवव्याच्या पुढचं पान मी कधी उलटलंच नव्हतं! मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला. परत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मनीषा फाटकात उभी होती. तिनं शरयूला माझ्या हातातून घेतलं आणि आत गेली. ताई, ओरडली असती तर बरं झालं असतं. चार दिवस शरयू माझ्याकडे आली नाही, म्हणजे येऊ दिली नाही. मी पुस्तकं उगाच रचून ठेवत होतो.

गेल्या सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. मनीषानं मला चला म्हटलं नाही, पण पुस्तकांची पिशवी दाराशी ठेवली, म्हणून मी गेलो. बाईंनी कार्डं दाखवली. गाय, आंबा, चप्पल. शरयू गप्प. बाई कागदावर काही लिहायला लागल्या आणि मनीषा त्या पेनाकडे बघत राहिली. मग बाई माझ्याकडे वळल्या. "आप घर में कैसे पढ़ते हैं? ज़रा पढ़कर बताइए।" दार उघडं, बाहेर बाकांवर लोक. मला संकोच वाटला. मी बदकाचं पुस्तक काढलं आणि तुझ्यासमोर वाचावं तसं, छापलेलं, सरळ वाचलं. बदक सकाळी उठलं. बदक चालत चालत बाजारात गेलं.

शरयूनं पानावर अख्खा पंजा ठेवला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"आबा, गाडी राहिली."

स्पष्ट. तीन शब्द. मराठीत. मनीषा जिथे उभी होती तिथेच, वजनकाट्याच्या पाटावर, बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. बाई विचारत होत्या, "क्या बोली? क्या बोली?" शेवटी मी सांगितलं, "कह रही है, दादाजी ने गाड़ी छोड़ दी।" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तो छोड़ी क्यों?"

मग मी पुन्हा वाचलं. टेम्पोसकट, गिअरसकट, आणि वळणावरच्या हॉर्नसकट. कंपाउंडर धावत आत आला. बाईंनी त्याला हातानंच खाली बसायला सांगितलं.

बाई म्हणतात, घाई करू नका, दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा. आजमितीला तिच्याजवळ अकरा शब्द आहेत, त्यातले आठ चाकांवर चालतात. उरलेले तीन म्हणजे 'आबा', 'राहिली' आणि 'नाही'. पुस्तकांची अवस्था तुला कळली. त्याबद्दल जी शिक्षा द्यायची ती दे, मी बाकावर उभा राहायला तयार आहे.

तुझा,
मुरलीधर

ता. क. पत्र मनीषानं वाचलं. ती म्हणते, सिहोऱ्याला चुकून जाणारा माणूस सोबत जादाचा फ्रॉक, बिस्किटं आणि पाण्याची बाटली नेत नाही. यावर मला काही म्हणायचं नाही.

आणखी एक. हे मनीषाला न दाखवता लिहितो आहे. केतनची बदली भुवनेश्वरला झाली. पंचवीस तारखेला सामान जाणार. दोघांनी मला सोबत चला म्हटलं. मी घराचं कारण सांगून दोनदा नाही म्हणालो, आणि दुसऱ्यांदा जरा जोरातच म्हणालो. आता तिसऱ्यांदा कोणी विचारून नाही राहिलं, आणि आपणहून 'येतो' म्हणायला माझी जीभ वळत नाही. तू एक रागाचं पत्र लिही. मुरल्या, मुकाट्यानं पोरांबरोबर जा, एवढंच. तुझं मी कधी मोडलेलं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पत्र मनीषाच्या नावानं टाक आणि वीस तारखेच्या आत पोचेल असं बघ. मी एक दिवस कुरकुर करीन, मग तयार होईन.

बॅग भरून मी मंगळवारीच पलंगाखाली सारली आहे. काल झाडताना मनीषाला ती दिसली. तिनं बाहेर ओढली, वरची धूळ पुसली आणि पुन्हा होती तिथे सारून ठेवली.