फाट्यावरची खूण

३ मार्च

पाण्याखालच्या गुहेचा नकाशा क्लबच्या भिंतीवर लागला. धाकट्या भावाचं नाव वर, माझं खाली! त्याला बुडी मारायला शिकवलं कुणी? – मी. पोटात दुखतंय, लपवत नाही.

५ मार्च

त्याचं सामान पाहिलं. दोन होकायंत्रं, दोरीची तीन रिळं, पाण्यात न भिजणाऱ्या दोन वह्या, चार पेन्सिली – चारही दोऱ्याने बांधलेल्या! "कारकून, टेबलखुर्चीपण घे की," म्हटलं. नुसता हसला. आणि अक्षर काय! हातमोजे घालून खरडलेलं ते माझ्याशिवाय कुणालाच लागत नाही. त्याच्या बायकोलाही नाही.

८ मार्च

गुहेत जाताना, वाट दुभंगते त्या फाट्यावर दोघांनी आपापली गोल खूण वाटेच्या दोरीला अडकवली. माझी लाल, त्याची पिवळी. नेम साधा – बाहेर पडताना आपली काढायची. दुसऱ्याची दिसली तर तो अजून आत आहे. तो उजवीकडे मोजमापं घ्यायला गेला, मी डावीकडे.

मी लवकर परतलो. खूण मुद्दाम तिथेच ठेवली. बसू दे वाट बघत, जरा टरकू दे कारकुनाला! पाचदहा मिनिटांत कंटाळून वर येईल, शिव्या घालील, मी हसेन.

काठावर बसून हे लिहितोय. पाऊण तास झाला. नकाशाच रंगवत बसला असेल, शहाणा.

८ मार्च, दुपारी

हवेची नवी टाकी लावून आत गेलो. फाट्यावर दोन्ही खुणा तशाच. आधी माझी काढून खिशात घातली, मग उजवीकडे त्याला शोधायला लागलो. हाच क्रम होता. सापडला नाही.

९ मार्च

बचाव पथकाने बाहेर काढला. टाकी रिकामी. डाव्या फाट्यात, अगदी टोकाला होता.

"त्यांचं काम उजवीकडे होतं ना? मग तिकडे कसे गेले?" पथकाच्या प्रमुखाने विचारलं.

"भरकटला असेल," मी म्हणालो.

"दोन होकायंत्रं असताना?"

मी रडायला लागलो. रडू खरंच आलं होतं.

१० मार्च

भावजयीने त्याची वही पुढे केली. "दादा, यांचं अक्षर तुम्हालाच लागतं. शेवटचं पान वाचा ना."

लिहिलं होतं – 'दादाची खूण इथेच. आत अडकलाय. माझी हवा दोघांना पुरेल. डावीकडे जातो.'

मी वाचून दाखवलं, "वाट चुकलो."