'शिदोरी' या पानाचा वारस

वेबसाइट बनवायची विद्या मी फुकट शिकलो. 'फुकट' या शब्दाने वारसांचा गैरसमज नको, म्हणून तिला प्रत्यक्षात काय लागलं ते आधी लिहून ठेवतो. चष्म्याचे चार नंबर. दोन खुर्च्या, पहिली बसून मोडली, दुसरी आदळून. मंडळींच्या शिलाई मशीनचं टेबल. मुलीच्या शाळेतली तीन स्नेहसंमेलनं. आणि उजवं मनगट, जे पंचवीस वर्षं ब्रश धरून कधी दुखलं नाही ते माउस धरून सहा महिन्यांत दुखलं. एवढं सगळं देऊन जे मिळतं त्याला आमच्या धंद्यात फुकट म्हणतात.

आता मुद्द्याचं. मी खाली सही करणार, वय सदुसष्ट, धंदा आधी दुकानांचे बोर्ड रंगवण्याचा आणि नंतर वेबसाइट बनवण्याचा, सगळे मला पेंटर म्हणतात, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मंडळींचं मत वेगळं आहे, ते सोबत जोडलेलं नाही. कागद हाताने लिहिला आहे. बोर्डावर ओल्या रंगात लिहिणाऱ्याला खोडायची सवय परवडत नाही, त्यामुळे या कागदावर कुठेही खाडाखोड सापडणार नाही. सापडल्यास तो कागद माझा नव्हे असं समजावं.

कलम १. खाली लिहिलेली सर्व मिळकत, आणि विशेष करून 'शिदोरी' हे वेबपान, माझं शंभर टक्के स्वकष्टार्जित आहे. वाडवडिलांकडून मला फक्त घोरणं मिळालं.

कलम २. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मंडळींची. त्यावर चर्चा नको. मागच्या खोलीतलं टेबल मी एकवीस वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' घेतलं होतं, ते त्यांना परत करतो. पाय हलतो. कागदाची घडी घालून ठेवली आहे, ती काढू नये.

कलम ३. हत्यारं. ब्रश बारा, त्यांतले तीन अजून जिवंत. हात टेकवायची काठी. खडू लावायची दोरी. कीबोर्ड एक, ज्यावरची अर्धविरामाची खूण पुसून गेली आहे. या दोन धंद्यांतला फरक मुलीला कळावा म्हणून सांगतो: बोर्डावर अनुस्वार राहिला तर रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण सायकल थांबवून सांगायला येतो. कोडमध्ये अर्धविराम राहिला तर कोणी काही बोलत नाही, पान नुसतं पांढरं पडतं. मला पहिल्या प्रकारचा अपमान बरा वाटायचा. सगळी हत्यारं एकुलत्या एक मुलीला. ती एका मोठ्या कंपनीत हेच काम करते आणि माझा कीबोर्ड बघून हसते. हसत हसत घ्यावा.

कलम ४. मी सुरू केलेले ऑनलाइन कोर्स एक्केचाळीस, पुरे केलेले तीन. उरलेले अडतीस मुलीला देत नाही. या धंद्यात आहे म्हणजे तिचे स्वतःचे असतीलच. ब्राउझरमध्ये 'नंतर वाचू' म्हणून उघडी ठेवलेली चौऱ्याण्णव पानं न वाचता बंद करावीत. त्यांतल्या पन्नासेक पानांवर एखादं नवीन टूल शिकवलेलं आहे आणि उरलेल्या पानांवर तेच टूल आता जुनं कसं झालं ते, बहुधा त्याच माणसाने. एका पानावर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आहे, ती बघून घ्यावी.

कलम ५. फर्निचरवाल्या शेठजींना. त्यांची साइट मी अकरा वर्षांपूर्वी तयार केली. 'आमच्याविषयी' या पानासाठी मजकूर 'उद्या सकाळी' पाठवतो म्हणाले होते. तिथे आजही 'येथे मजकूर येईल' असं लिहिलेलं आहे. गिऱ्हाइकांना ते त्यांचं ब्रीदवाक्य वाटतं, आणि सोफा कधी येईल असं विचारणाऱ्यांचा अनुभवही तसाच आहे. ते वाक्य मी शेठजींना कायमचं देऊन टाकतो.

कलम ६. पासवर्ड. कागद हरवतो, माणूस विसरतो, म्हणून सगळे पासवर्ड मागच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, एनॅमल रंगात, चार इंची अक्षरांत लिहिलेले आहेत. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला असा हुकूम निघाल्यापासून मी दर वेळी पांढरा हात मारून नवीन लिहितो. त्या दाराला आता इतके थर झाले आहेत की ते बंद होत नाही. दोनदा रंधा मारून घ्यावा लागला. त्यासाठी दोन्ही वेळा मेहुण्याला बोलावलं होतं, कारण घरात रंधा त्याच्याकडेच आहे. माझ्या पश्चात ते दार पहिल्याच दिवशी पांढरं करून टाकावं.

कलम ७. आता 'शिदोरी'. छापील बोर्ड आले आणि माझं दुकान बसलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. जे सापडेल ते वाचत, बघत, ठेचकाळत शिकलो. आपल्यामागून येणाऱ्याला तेच दगड लागू नयेत म्हणून एक पान बनवलं: वेबसाइट बनवायला काय शिकावं, कुठे फुकट मिळतं, कोणतं टूल कशाला लागतं, आणि प्रत्येक लिंकखाली मराठीत माझा शेरा. नमुन्यादाखल: 'हा माणूस चांगला शिकवतो, पण पहिली अकरा मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. बाराव्या मिनिटापासून बघा.' 'हे टूल रंग जुळवून देतं. मी पेंटर आहे, मला लागत नाही. तुम्हाला लागेल.' 'इथल्या परीक्षेत सातव्या प्रश्नाला नापास झालात तर रडू नका, प्रश्नच चुकला आहे.'

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं होतं. 'तुमच्या पानावरून शिकले. घरात मशीन एकच, तेही शिवायचं, म्हणून मुलीच्या वहीत कोड लिहून सराव केला. आता दोन साइट सांभाळते.' हे पत्र मी जपून ठेवलं आहे. माझ्या मागे ते पान बंद पडलं तर घर पडल्यापेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटेल. घरात निदान मंडळी आहेत. पानाला कोणी नाही.

पानावर दोनशे चौदा लिंका आहेत. सोळा वर्षं दर रविवारी सकाळी मी एकेक उघडून बघतो. इतरांची असली पानं वर्षभरात कुजतात, लिंक दाबली की समोर भिंत. माझ्या पानावर गेल्या सात वर्षांत रविवारी एकही मेलेली लिंक मला सापडलेली नाही. काही जण याला नशीब म्हणतात. मी निवड म्हणतो. माल पारखून घेतला की किडत नाही.

हे पान मुलीला. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, मी दिवसभर तेच करते, रविवारी पण तेच करू?"

म्हटलं, "मी करतो की."

"तुम्हाला दुसरं काही येत नाही म्हणून."

तरीही पान तिलाच. दुसरा उमेदवार कोण ते पुढच्या कलमात आहे.

कलम ८. मेहुणा. मंडळींचा धाकटा भाऊ. याच मागच्या खोलीत बसून माझ्याकडून शिकला, आणि शिकून झाल्यावर चौकात क्लास काढला. 'नव्वद दिवसांत वेब डेव्हलपर.' नव्वद दिवसांत माझा तर पासवर्ड बदलतो. त्याचा अख्खा कोर्स म्हणजे माझं 'शिदोरी'चं पान आहे: पहिल्या दिवशी वरच्या चार लिंका, दुसऱ्या दिवशी खालच्या चार. माझा 'बाराव्या मिनिटापासून बघा' हा शेरासुद्धा तो वर्गात स्वतःच्या अनुभवाचा म्हणून सांगतो. हे मला त्याच्याच विद्यार्थ्याने सांगितलं. मी मंडळींना म्हटलं, याला चोरी म्हणतात. त्या म्हणाल्या, "अहो, माझा भाऊ आहे तो." मी म्हटलं, म्हणूनच अजून घरात चहा मिळतो.

मेहुण्याने 'शिदोरी'ला हात लावू नये. त्याला माझ्या मिळकतीतलं काहीही मिळणार नाही, ब्रशचा केससुद्धा नाही. वकीलबाईंनी मला समजावलं की मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. म्हणजे ज्याला काहीच मिळत नाही तो सर्वांत अस्सल साक्षीदार. म्हणून या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावलं आहे. त्याने हे कलम मोठ्याने वाचावं आणि खाली सही करावी.

कलम ९. (सहीच्या दिवशी, सगळे समोर बसलेले असताना जोडलेलं.)

आज सकाळी मेहुण्याने कलम ८ मोठ्याने वाचलं. चांगलं वाचतो, क्लासची सवय. वाचून झाल्यावर म्हणाला, "पेन द्या, भाऊजी." चेहऱ्यावर काही नाही. मला थोडं कमी समाधान मिळालं.

तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "कलम एकमध्ये 'शंभर टक्के स्वकष्टार्जित' लिहिलंय. घराचे कागद आहेत. पानाचा काही पुरावा?"

मी म्हटलं, "पुरावा कसला? जग जाणतं."

मुलगी म्हणाली, "पुरावा आहे ना. पानाची हिस्ट्री. कोणता बदल कधी आणि कोणत्या कॉम्प्युटरवरून झाला, सगळं नोंदलेलं असतं." तिने स्वतःच्या मशीनवर उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

माझ्या कॉम्प्युटरचं नाव 'पेंटर'. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्याला सात वर्षं झाली. त्या दिवसापासून आजपर्यंत पानावर तीनशे बारा दुरुस्त्या झाल्या आहेत. बहुतेक ठिकाणी मेलेली लिंक काढली, तिच्या जागी चालणारी घातली. 'पेंटर'वरून अकरा, त्याही नुसत्या नवीन लिंका जोडल्याच्या. उरलेल्या तीनशे एक 'क्लास-४' नावाच्या कॉम्प्युटरवरून, सगळ्या शनिवारी दुपारच्या, म्हणजे मी झोपतो तेव्हाच्या.

सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं. तो पेनाचं टोपण लावत होता.

"पासवर्ड कुठून मिळाला?" मी विचारलं.

"चार इंची अक्षरात होता, भाऊजी. रंधा मारताना डोळे मिटून मारू?"

"आणि नवीन लिहिल्यावर?"

"ताई फोनवर वाचून दाखवायची."

मी मंडळींकडे बघितलं. त्या टेबलाखालची घडी नीट करत होत्या.

"हे कशासाठी पण?" मी म्हटलं.

"परोपकार नाही हो. पोरं फी मला देतात आणि शिकतात तुमच्या पानावर. लिंक मेली की बोंब माझ्या नावाने. शेऱ्यांना हात लावला नाही, तसं लिहिणं मला जमत नाही. आणि तुमच्या त्या अकरांतल्या चार चुकल्या होत्या, त्या पुढच्या शनिवारी नीट केल्या."

मी मंडळींना म्हटलं, "सात वर्षं माहीत होतं, बोलली नाहीस?"

"रविवारी सकाळी इतके खूश असायचात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कशाला."

आता पुढची व्यवस्था लिहितो. कलम ८ मधली व्यवस्था रद्द समजावी. चोरीचा भाग खरा आहे, तो राहू द्यावा. 'शिदोरी' मुलीच्या नावावर आणि मेहुण्याच्या हाताखाली. ती नाव चालू ठेवील, तो लिंका बघील. कपाटाचं दार पांढरं करू नये. ते बिजागऱ्यांसकट मेहुण्याला द्यावं. पान सगळ्यांसाठी कायम फुकट राहील. आणि मेहुण्याने क्लासच्या पहिल्याच दिवशी पोरांना हे पान कुठे आहे ते सांगावं.

"पहिल्या दिवशी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कोण येईल?" मेहुणा म्हणाला.

"चांगलं शिकवलंस तर येतील."

"तिसऱ्या आठवड्यात सांगितलं तर?"

"पहिल्या दिवशी," मंडळी म्हणाल्या. तसं ठरलं.

वकीलबाईंनी घसा खाकरला. "आता यांना मिळतंय. यांची साक्ष चालणार नाही." म्हणून समोरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांना हाक मारली. ते डोळ्याला भिंग लावलेलेच आले आणि त्याच भिंगातून हे सगळं वाचून म्हणाले, "अक्षर सुंदर आहे." एवढ्यावर मी आज समाधान मानतो.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मला समजलं, काही मला आवडलं नाही, तरी मान्य आहे.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली, कपाटाचं दार उघडं.
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार.

लिहून देणार: पेंटर (सही)

साक्षीदार १: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक (सही). माझं पहिलं वेबसाइटचं गिऱ्हाईक, मजकूर वेळेवर दिला होता.

साक्षीदार २: घड्याळ दुरुस्तीवाले (सही). मेहुण्याची सही घेतलेली नाही, कारण कलम ९.

खाडाखोड: एक. कलम १ मधले 'शंभर टक्के स्वकष्टार्जित' हे शब्द. समासात माझी सही आहे.