आत्याच्या हाताला बसेल अशी

९ जानेवारी

चि. भोंग्यास,

आत्याचे भरपूर आशीर्वाद. मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस म्हणून त्यातले थोडे राखून ठेवलेत. या पत्राचं उत्तर आलं की सोडीन. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि फोन ठेवल्यावर मला काही आठवत नाही, तेव्हा लिहूनच कळव.

मी सुटले रे. शस्त्रक्रियागृहातली शेवटची पाळी संपवून आले, तेव्हा सगळ्यांनी भाषणं केली आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता मला वेळ बघायचीच गरज उरलेली नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिला आठवडा झोपले, दुसऱ्या आठवड्यात कपाटं आवरली. तिसऱ्या आठवड्यात तुझे आतोबा म्हणाले की आता माझंही कपाट आवरायला घेशील तर मी घर सोडीन. म्हणून मी गिटार शिकायचं ठरवलं.

हसू नकोस. आयुष्यभर दुसऱ्याने हात पुढे केला की त्यात चिमटा नाहीतर कात्री ठेवत आले. आता माझ्या हातात काहीतरी हवं. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई क्लासिकल गिटार शिकवतात. त्या म्हणाल्या की वयाचं काही नाही, पण महिन्याभरात स्वतःची गिटार आणा, उसनी चालणार नाही. आतोबांचं म्हणणं असं की जी बाई पाव तास एका जागी बसत नाही ती मांडीवर लाकूड घेऊन काय बसणार.

तर तू गिटारवाला आहेस, मला सांग. स्वस्तातली कुठली घेऊ? फार लांबड लावू नकोस.

तुझी,
आत्या

---

१७ जानेवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. आशीर्वाद सोड.

काहीही विकत घेऊ नकोस! हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिही आणि त्या नव्या घड्याळाखाली चिकटव. नवशिका माणूस दुकानात जातो, सगळ्यात चकचकीत वाद्य उचलतो, महिन्याभरात बोटं फोडून घेतो आणि मग म्हणतो की माझ्यात कलाच नाही. अशी मुलं मी इतकी पाहिलीत की आता डोकं उठतं. दोष त्यांचा नसतो, लाकडाचा असतो. पण मुलाला नावं ठेवणं सोपं, दुकानाची पायरी पुन्हा चढणं अवघड.

क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा असतात आणि मान रुंद असते. पोलादी तारांची ती वेगळी जात, तिच्या वाटेला जाऊ नकोस. तारा पडद्यांपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच नकोत, नाहीतर दाबता दाबता मनगट जाईल. मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी न्याहाळायची, वाकडी नको. मधोमध, बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवली की मोकळ्या तारेचाच वरचा सूर तंतोतंत लागला पाहिजे. हे सगळं तुला जमणार नाही, कारण तुझा कान अजून तयार नाही. म्हणून मी येईन. या महिन्याअखेरीस नक्की. माझ्याशिवाय दुकानात पाऊल टाकायचं नाही.

आतोबांना नमस्कार, आणि त्यांचं कपाट त्यांच्यापाशीच राहू दे.

तुझा,
भोंगा

---

११ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

आशीर्वाद आहेत, पण आज त्यांचा सूर उतरलेला आहे.

तू आला नाहीस. महिनाअखेर गेली, त्यानंतरचा रविवार गेला. बाईंनी मला दोनदा बाकावर बसवून इतरांचं वाजवणं ऐकायला लावलं. तिसऱ्यांदा मला लाज वाटली आणि मी दुकानात गेले. तुझं पत्र पर्समध्ये होतं, शपथ. पण तो दुकानदार असा काही बोलत होता की मला चष्मा काढून पत्र वाचायचा धीर होईना. त्याला म्हटलं, नायलॉन. तो म्हणाला, सगळं एकच हो, तारा काय, कधीही बदलता येतात. काळी, चकचकीत, एका बाजूने खांद्याला खाच दिलेली. वर पिशवी फुकट. मी भाळले.

बाईंनी पिशवीची चेन निम्मी उघडली आणि परत लावली. मग म्हणाल्या की ही पोलादी तारांची आहे, हिची मान तुमच्या कामाची नाही, परत करा. दुकानदार म्हणतो, वाजवलेला माल परत घेत नाही. मी म्हटलं की मला वाजवता येत नाही म्हणूनच तर घेतली, मी काय वाजवणार! तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी तीच दाबून दाबून डाव्या हाताची चारही बोटं चिरल्यासारखी झालीत. जेवताना आतोबा माझ्या बोटांकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

रागाच्या भरात तुला शाळेतच गाठावं म्हणून तुझ्या संगीतशाळेत फोन लावला. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की या नावाचे सर आता इथे नाहीत, पावसाळ्याच्या आधीच गेले. मी म्हटलं, तुमची चूक होतेय. तिने दुसऱ्या कुणालातरी विचारलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

हे काय आहे रे? आणि या काळ्या बाईला नायलॉनच्या तारा लावल्या तर चालेल का, तेही कळव.

आत्या

---

१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार.

नाही चालणार. त्या गिटारला नायलॉनच्या तारा लावल्यास तर त्या ढिल्या पडतील, आवाज खोक्यातून आल्यासारखा येईल, आणि मान अरुंद ती अरुंदच राहील. उलटं करशील तर, म्हणजे नायलॉनच्या गिटारला पोलाद लावशील तर, ताणाने घोडी, खोक्यावर जिला तारा बांधतात ती, उखडून हातात येईल. दुकानदाराने तुझ्या गळ्यात मारली. मी आलो असतो तर हे झालं नसतं, हे मला कळतं. पुन्हा सांगू नकोस.

शाळेचं म्हणशील तर, हो. त्यांनी क्लासिकलचा वर्ग बंद केला. मुलांना महिन्याभरात एक गाणं वाजवून आईवडिलांना दाखवायचं असतं, बोट कसं ठेवायचं यात कुणाला रस नाही. मला म्हणाले, गाणी शिकवा. मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आता एका फर्निचरच्या दुकानात गाद्या विकतो. लोकांना म्हणतो, पडून बघा, पाठ कशी वाटते सांगा. खरं सांगायचं तर या कामात लोक माझं ऐकतात. आईला यातलं काही माहीत नाही. तुलाही सांगणार नव्हतो. जानेवारीत येतो म्हणालो, पण दुकानात तुझ्यासमोर गिटार हातात घ्यावी लागली असती. मी तेव्हापासून हात लावलेला नाही.

माझी गिटार आमच्या दुकानाच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतोय, तो शुक्रवारी तुमच्या बाजूला येतो. देवदाराची आहे, अस्सल फळी, हाताने बनवलेली. ठेवून घे. इथे ती पलंगाखाली आहे आणि रोज झाडू मारताना तिला लागतो.

भोंगा

---

२६ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

आशीर्वाद आणि एक धपाटा, दोन्ही पोचले असं समज.

गिटार आली. आतोबांनी टेम्पोतून स्वतः उतरवून घेतली, लहान मूल घेतात तशी. मी पहिली तार नुसती छेडली आणि आतोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एवढं मऊ, एवढं मोठं काहीतरी खोलीत पसरलं की मी दुसरी तार वाजवायला घाबरले. दोन दिवस मी तिला खुर्चीवर बसवून समोर बसत होते. तिसऱ्या दिवशी बाईंकडे नेली. त्यांनी हात पुसले आणि मगच उचलली.

पण मला ती जमत नाही. माझा हात लहान आहे. आमच्या कामात सगळ्यात लहान हातमोजे माझे असायचे. चौथं बोट पोचवायचं तर पहिलं सुटतं, दोन्ही धरायची तर अंगठा मागून आखडतो. बाईंनी पट्टी लावून मोजलं, म्हणाल्या की वाद्य फार सुंदर आहे, पण तुम्हाला एक माप लहान हवं. लहान मापाचीही मोठ्या माणसांसाठी असते म्हणे. हे मला ना दुकानदाराने सांगितलं, ना गिटारवाल्या भाच्याने. तू मला कान तयार नाही म्हणून हिणवलंस, पण माझा हात केवढा आहे हे तुला विचारावंसं वाटलं नाही!

मी अगदी वैतागले आहे. काळी गिटार वाजत नाही, तुझी पोचत नाही, बाकावर बसून बसून माझी पाठ धरली. आणि तुझ्यावरचा राग वेगळाच. नोकरी गेली हे समजू शकते. पण वाद्य देऊन टाकायचं म्हणजे काय? तेही अशा बाईला, जिला तार कशी लावतात ते कळत नाही? तुझी गिटार मी टेम्पोने परत धाडणार नाही. स्वतः ये, माझ्यासाठी माझ्या मापाची निवड, आणि तुझी घेऊन जा. नाही आलास तर त्याच दुकानात जाईन आणि लाल रंगाची घेईन.

आत्या

---

५ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार.

ती देऊन टाकली ती दिसू नये म्हणून. हे तुला सरळ लिहिलं नाही तर तू माझ्यावर उपचार करायला निघशील, म्हणून लिहितो. माझं दुखणं ही तुझी निवृत्तीनंतरची कामगिरी नाही. मला कुणी समजावू नये, धीर देऊ नये, आणि पुन्हा वाजव म्हणून गळ घालू नये.

हाताच्या मापाचं तुझं बरोबर आहे. मी विचारायला हवं होतं.

बुधवारी मला सुटी असते. सकाळच्या बसने येईन, संध्याकाळच्या बसने जाईन. फक्त तुझी गिटार निवडायला.

भोंगा

---

१४ मार्च

चि. भोंग्यास,

आशीर्वाद, या खेपेला काही राखून न ठेवता.

बुधवारचं तू विसरल्याचं सोंग करशील, म्हणून लिहून ठेवते.

दुसऱ्या दुकानात शिरलास तेव्हा तुझा चेहरा दात काढायला आल्यासारखा होता. मला म्हणालास की स्टुलावर बस, हात पुढे कर, आणि माझी बोटं ताणून बघितलीस. मग भिंतीवरून एकेक उतरवायला लागलास. पहिलीच्या तारा इतक्या उंच की खालून मांजर जाईल, असं तू मोठ्याने म्हणालास. दुकानदारीण ऐकत होती. दुसरीची मान वाकडी निघाली, तिसरी बाराव्या पडद्यावर बेसूर. प्रत्येक वेळी तू जास्तच चिडत होतास आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त वाजवून बघत होतास. नुसता एक सूर, मग दोन, मग चार ओळी. तुला ते कळत नव्हतं. मी गप्प राहिले. माझ्यासारख्या बाईला किती जड गेलं असेल याचा विचार कर.

मग ती साधी, तपकिरी, कडेला ओरखडा पडलेली सापडली. प्लायवूडची आहे, फार काही गाणार नाही, पण खोटंही बोलणार नाही, असं तू म्हणालास. माझ्या मांडीवर ठेवलीस. चौथं बोट पोचलं! पहिलं सुटलं नाही. घोडीवरची पट्टी थोडी घासून तारा खाली आणून द्या म्हणून तू त्या दुकानदारिणीशी हुज्जत घातलीस. ओरखड्याबद्दल किंमतही कमी करून घेतलीस. ती पट्टी घासायला आत गेली तेव्हा तू दुसरी एक घेऊन वाजवत बसलास. ती बाहेर येऊन उभी राहिली. दारातलं गिऱ्हाईक उभं राहिलं. मी भिंतीकडे तोंड करून तारांच्या पाकिटांवरचं वाचत बसले, कारण तुला कुणी रडलेलं आवडत नाही.

बसमध्ये चढताना तू आपली गिटार माझ्या हातून हिसकावून घेतलीस आणि नीट बोललाही नाहीस. आतोबा म्हणाले, रागावून गेला का गं? मी म्हटलं, हो, छान रागावलाय.

माझा सराव चालू आहे. उजव्या हाताची नखं वाढवायची असतात हे बाईंनी आता सांगितलं. जन्मभर कापत आले, आता वाढवतेय तर ती पिठात मोडतात. अंगठा ठेवण्यावरून रोज बोलणी खाते. वाजतं म्हणशील तर कुणी बिजागरीला तेल घालावं असं वाजतं. आईला तू स्वतः सांग, मी सांगणार नाही.

तुझी माया अशीच राहू दे, चिडकी का होईना.

तुझी,
आत्या

---

२९ मार्च

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार, आतोबांनाही.

आईला सांगितलं. ती आधी गाद्यांचे भाव विचारत बसली, मग रडली. आता दर दोन दिवसांनी फोन करते. सगळा वैताग आहे.

अंगठा तारांच्या समांतर ठेवू नकोस, मानेच्या मागे आडवा टेकव, आणि दाबू नकोस. तू नक्कीच दाबतेस. पुढच्या बुधवारी येऊन बघतो. शाळेचं काही झालेलं नाही आणि होणारही नाही, ते विचारू नकोस. गाद्या चालू आहेत.

काल दुकानातून आलो, जेवलो, थोडा वेळ बसलो होतो. दारावर जोरात थाप पडली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ होते, डोक्याला पट्टी बांधून. म्हणाले की गेले दहा महिने या घरात किती शांतता होती आणि आता हे रोज संध्याकाळी काय सुरू झालंय. मालकाकडे तक्रार करीन म्हणाले. मी त्यांची माफी मागितली. दार लावलं, खिडक्या लावल्या, आणि त्या भल्या माणसाला उद्यापासून कुठली वेळ सोयीची पडेल ते विचारायला खाली गेलो.

तुझा,
भोंगा