लेन्सच्या कपाटातले कंद

२ डिसेंबर २००६

कुजले! निशिगंधाचे कंद कुजले. कुंडी उपसली तर हाताला नुसता लगदा, आणि वास तर विचारूच नका. चार-पाच काय ते टणक निघाले. आठवडाभर पाऊस, हवा गार, टॉवेलसुद्धा वाळत नाहीत.

तळेगावला सुचित्राताईला फोन केला. कंद तिनेच दिले होते. "अगं, रोज पाणी कसलं घालतेस? पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं. कोरड्यात झोपू दे त्यांना!" अति तिथे माती — माझ्याकडे तर चिखल! पण सिंगापुरात कोरडं आणायचं कुठून?

शैलेंद्र हाँगकाँगहून कायमचा परत येईल तेव्हा गॅलरीत निशिगंध फुललेला हवा. लग्नानंतर पुण्याच्या जागेत असायचा तसा. वेडेपणा आहे. पण हवाय मला.

५ डिसेंबर

सापडलं! शैलेंद्रचं कॅमेऱ्यांचं कपाट. लेन्सना बुरशी लागू नये म्हणून विजेवर आतून कोरडं राहणारं. बँकेनं सहा महिन्यांसाठी पाठवलं तेव्हा कॅमेरे इथेच ठेवून गेला — "परत यायचंच आहे, कशाला ओझं?" त्याला आता वर्ष होईल. कपाट मी चालूच ठेवलंय. माझ्यासाठी नाही तर निदान कॅमेऱ्यांसाठी येईलच ना.

वर लेन्स, खाली कंद. क्षिप्रा ट्यूशनला निघताना इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, "मम्मा, कॅनॉट लाह! पपा विल बी सो अँग्री!" रागवू दे की. रागवायला तरी घरी येईल.

१९ फेब्रुवारी २००७

चायनीज न्यू इयरला येणार होता. नाही आला.

१० मार्च

कंद लावले. निम्मी वाळू, कुंडीखाली बशी नाही. दुपारी डेंग्यूची तपासणी करणारा आला, टॉर्च घेऊन. वाकून बघितलं. "नो प्लेट? व्हेरी गुड, आंटी." इतकं बरं वाटलं! त्याला लिंबाचं सरबत दिलं, कंदांचं सगळं रामायण सांगितलं. तो बिचारा घड्याळ बघत होता.

अख्ख्या आठवड्यात एवढं कोणाशी बोलले नव्हते. क्षिप्रा कॉम्प्युटरपुढे जेवते. शैलेंद्रचा फोन 'बरं, ठेवतो' वरच येतो. फार एकटं वाटतं. लिहून टाकलं एकदाचं.

२८ एप्रिल

पानं. नुसती पानं. ताई म्हणते, "धीर धर." दुसरं काय करतेय मी!

१२ जून

दांडा आलाय!! कळ्यांसकट! क्षिप्राला ओढत आणलं. "सो स्मॉल," म्हणाली. पण नंतर बराच वेळ तिथेच उभी होती.

संध्याकाळी शैलेंद्रचा फोन — आपणहून! तेवीसला येतोय. आवाज मऊ होता. कंद कपाटात ठेवले होते तेही सांगून टाकणार आहे. हसेल तो.

२३ जून

शैलेंद्र आला. फुलं उमललीत, घरभर वास आहे. तो थेट आतल्या खोलीत गेला. मोठी बॅग रिकामीच आणलीय — कॅमेरे न्यायला. "कपाट राहू दे तुला. तिकडे दुसरं घेतलंय मी." एकेक लेन्स पुसून मीच त्याच्या हातात दिली.