सात घरांची ओटी

१७ नोव्हेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची. लोणारहून बीबीपर्यंत एसटी, पुढे ऑटो, आणि शेवटी गोकुळची इंजिनाची नाव. धरणाचं पाणी चढलं तेव्हा टेकडीवरचं हे कसबे अंतरवेल बेट होऊन बसलं. सगळं गाव पलीकडच्या नव्या वसाहतीत गेलं, सात घरं मात्र हटली नाहीत. आता पर्यटकांना हा जुना कसबा पायी दाखवायचा आहे आणि त्याची वाट मी आखायची: वेस, बारव, हेमाडपंती देऊळ, गढीचा बुरूज. रविवारी गोकुळ न्यायला येईल. विवराभोवती लोकांना हिंडवून माझे पाय घोड्याचे झालेत, हे बेट म्हणजे किस झाड की पत्ती.

छकुली आईजवळ आहे. चार वर्षांची, पण निघताना रडली नाही. बेटावरून काय आणशील, एवढंच विचारलं. बापावर गेलीय.

उतरले कलाबाईंकडे. साठीच्या, किडकिडीत, हसऱ्या. पाणी द्यायच्या आधीच विचारलं, “लेकरं किती तुले?” एक मुलगी आहे म्हटल्यावर कोण आनंद झाला त्यांना! लगेच गव्हानं ओटी भरली. आईनं शिकवल्याप्रमाणे मी ओटीतले पाच दाणे त्यांच्या पदरात परत टाकले, म्हणजे घरची बरकत घरात राहते. त्यांनी ते डब्यात नाही टाकले, माजघरातल्या पाळण्यात ठेवले. नातवंड येणार असेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वेशीपासून बारवेपर्यंत तीनशे दहा पावलं. बारवेच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्यात, वरच्या कोनाड्यांत पारवे. इथे लोक फोटो काढून काढून हैराण करणार.

वाटेवर दोन घरं लागली, एक पिंपळाखालचं, एक बारवेजवळचं. दोन्हीकडे गूळ-पाणी, दोन्हीकडे ओटी. नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. दोन्हीकडे मी पाच-पाच दाणे परत दिले आणि दोन्हीकडे ते पाळण्यातच गेले. पाळण्यांत सुरकुती नसलेल्या गोधड्या आहेत. बेटावर लेकरू मात्र एकही दिसलं नाही. पिंपळाखालच्या बाईंना तसं म्हटलं, तर त्यांनी हसून माझ्या हातावर गुळाचा आणखी एक खडा ठेवला.

संध्याकाळी आईचा फोन. छकुली जेवली नाही, कलाबाईकडं भाकर खाल्ली म्हणते. आईला मी कलाबाईंचं नाव सांगितलं होतं का? सांगितलं असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

देऊळ सुरेख आहे. एका खांबावर बाळाला पाजणारी बाई कोरलीय, तिचं तोंड हात लावून लावून गुळगुळीत झालंय. देवळाजवळच्या घरी ओटी भरली. बुरुजाजवळच्या घरी ओटी आणि वर पिठलं-भाकर. झाली पाच घरं.

आई सांगत होती, छकुली दिवसभर घराभोवती गोल फिरते आणि आता देवळापाशी आले, आता बुरुजापाशी आले, असं म्हणते. जेवायला बोलावलं तर म्हणाली, बुरुजाजवळ पिठलं खाल्लं. मी हसले. फोन ठेवल्यावर आठवलं, पिठल्याचं मी आईला बोललेच नव्हते.

कलाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांना सरळच विचारलं, इथे लेकरं का नाहीत? शेंगा सोलता सोलताच त्यांनी सांगितलं. पाणी आलं त्या वर्षी शाळेत जाणारी नाव उलटली. सात घरांची सात लेकरं. एकही हाती लागलं नाही. तेव्हापासून या बेटावर कोणाची कूस उजवली नाही. लेकरं पाण्यात असताना गाव सोडून जायचं कसं, म्हणून सात घरं थांबली. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्या सांगताना माझ्या पोटाकडे बघत होत्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सहावं घर. नको म्हणायचं ठरवूनच गेले होते. त्या बाईनं पाय धरले. ओटी भरली, आणि माझ्या हातानं सवयीनं पाच दाणे उचललेसुद्धा. बाहेर आल्यावर कळलं.

धावत कलाबाईंकडे आले. पाळण्यातल्या पाचही दाण्यांना कोंब फुटलेत. मुळं गोधडीत शिरलीत. उपटायला गेले तर कलाबाईंनी मनगट धरलं, अगदी मायेनं. “ओटीतलं तुनं तुह्या हातानं देल्लं. देल्लेलं माघारी घेत नाही, पोरी.”

मी विचारलं, काय दिलं मी?

लेकरू, म्हणाल्या. एकच आहे म्हणून आळीपाळीनं. सोमवार त्यांचा, मंगळवार पिंपळाखालच्या घराचा, बुधवार बारवेजवळचा, गुरुवार देवळाजवळचा, शुक्रवार बुरुजाजवळचा, शनिवार आजच्या घराचा. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवावी तसं सांगत होत्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गोकुळला फोन केला. म्हणतो, रविवारशिवाय नाव नाही.

आईला सांगितलं, छकुलीला खोलीत कोंड, दाराबाहेर सोडू नको. आई चिडली. म्हणाली, सकाळी तूच तर फोन केलास, रविवारी गोकुळच्या नावेत पाठव म्हणून. आवाज तुझाच होता. मी फोन केला नव्हता. शपथेवर सांगितलं तरी तिला पटेना, आणि तेवढ्यात फोन मेला. इथे दोन दिवस लाईट नाही.

सातवं घर अन्नपूर्णाबाईंचं. त्या ताट घेऊन दारात उभ्याच होत्या. मी पायरी चढले नाही. ताट ढकललं, गहू अंगणभर झाले. त्या रडत एकेक दाणा वेचत बसल्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. त्यांना पाळी नाही मिळणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पाण्याकडे जाणारी वाट सापडत नाही. मीच आखलेली वाट. वेशीतून बाहेर पडते आणि कलाबाईंच्या अंगणात येते. अकरा वेळा. सहा बाया सहा ओट्यांवर बसून छोटी झबली शिवतायत. कोणी अडवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

नाव दिसली. पुढच्या टोकाला छकुलीचा पिवळा फ्रॉक.

कलाबाईंच्या पाया पडले. म्हटलं, आज रविवार, आज कोणाचीच पाळी नाही, आज ती माझी. कलाबाई मान हलवून म्हणाल्या, “ज्या दिशी घर नाही त्या दिशी लेकरू बाकीच्या लेकरांत राह्यते. तिकडं. पाण्यात.”

अन्नपूर्णाबाईंच्या पायरीवर आहे. दार बंद. थापा मारून हात फुटले. ओटी भरा माझी, भरा बाई, पाच काय, सगळे दाणे देते— आतून म्हणाल्या, “परवा काऊन नाही म्हनलं?”

गहू मीच ओंजळीत आणले, कलाबाईंच्या घरून. चालत नाहीत म्हणतात. त्यांनीच भरायला हवी. त्या भरत नाहीत.

इथून नाव दिसते. मधोमध आली. इंजिन बंद झालं. गोकुळ मागे बघत नाही—

दर रविवारी घ्या तिला, कायमची घ्या, पण घरात—

कडी हलली? नाही—

उभी राहिली. नावेत उभी राहिलीय. कोणाला तरी हात करतेय, खाली, पाण्यात— छकुली, बस, खाली ब