पाच ताऱ्यांचं लेबल

भुईगाव, १२ जानेवारी २०२५

प्रिय सिस्टर आग्नेस हिस,
थोरल्या भावाचा सप्रेम जय ख्रिस्त. वि. वि.

तुमच्या मठात फोन चालत नाही, म्हणून नव्या वर्षाची बातमी कागदावर. फ्लॉईडने घरातलं जुनं सामान काढून टाकलं. फ्रिज, पंखे, दिवे, सगळं पाच ताऱ्यांचं आणलं. तारे जितके जास्त तितकी वस्तू वीज कमी खाते, असं तो मला समजावत होता. बापाने शाळेत विज्ञान शिकवलं हे तो विसरला असावा.

आपल्या रीतीप्रमाणे फादर आले आणि नव्या वस्तूंवर पवित्र पाणी शिंपडून गेले. दुसऱ्या दिवशी सूनबाई लेबलं सोलून केराच्या टोपलीत टाकू लागली. मी थांबवलं. ज्यावर आशीर्वाद पडला ते केरात जात नाही. आई तुटक्या जपमाळासुद्धा जाळून राख गुलाबाखाली पुरायची. ज्युली हसली, म्हणाली, पपा, मग तुम्हीच सांभाळा. जाळायला जीव होईना. मी ती माझ्या आरामखुर्चीच्या पाठीला चिकटवली आहेत.

घर फार शांत झालं आहे. पंखा फिरतो, आवाज नाही. फ्रिज चालू आहे की नाही ते बघायला मी हात लावून येतो. माझी नात अँजेलिना तेवढी घसा फाडून ओरडत असते. पहिलीत गेली, पण वर्गात तिच्यापुढे बाईंचा आवाज ऐकू येत नाही म्हणे.

प्रार्थनेत आठव ठेव. बाकी लोभ आहेच.

तुझा,
स्टीवन


नाशिक, २० जानेवारी २०२५

ती. स्टीवनदादा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मदरलाही वाचून दाखवलं. खूप हसलो. खुर्चीला पाच तारे, आणि तिच्यात बसणार कोण? चुलत बहीण मार्थाच्या लग्नात तू मैद्याचे तळलेले फुगे किती खाल्लेस ते वाढणारेही मोजायचं सोडून गेले होते. गायनमंडळात तू गायलास की बाकीचे नुसते तोंड हलवायचे. तुला लेबल लावायचं ठरलं तर एकच तारा मिळेल, तोही फादरांच्या शिफारशीने.

थंडी आहे. छातीला लोकर गुंडाळत जा. अँजेलिनाला पापा. माया अशीच पाठवत राहा.

तुझी धाकटी,
आग्नेस


भुईगाव, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आग्नेस,
स. ज. ख्रि.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी फार खात होतो. आता एक वेळ पेज घेतो, पुरते. भूक लागत नाही. लोकरही लागत नाही.

फ्रिजचं लेबल खुर्चीवरून सुटत होतं. ते छातीवर लावलं, बनियनच्या आत.

ओट्यावर फ्लॉईडने नवा दिवा लावला आहे. माणसाच्या अंगाची ऊब लागली की तो आपोआप पेटतो. ज्युली आली की पेटतो. मांजर आलं तरी पेटतो. मी खालून जातो, पेटत नाही. आज बराच वेळ उभा राहून पाहिलं. बरं वाटलं.

लोभ असतोच.

स्टीवन


भुईगाव, २४ फेब्रुवारी २०२५

ती. सिस्टर आत्या यांस,
ज्युलीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मी कधी लिहिलं नाही, चुकलं असेल तर सांभाळून घ्या. पत्रास कारण पपा. ते दिवसभर खुर्चीत असतात. दोन चमचे पेज घेतात. हाक मारली की पापण्या हलतात, तेच उत्तर. डॉक्टरांनी तपासलं. आजार नाही, नाडी फक्त फार सावकाश आहे, म्हणाले. फ्लॉईड म्हणतो, पपांनी उपवासकाळ यंदा लवकर धरला. त्याला थट्टा सुचते. मी त्यांचा हात धरला तर तो गारही नव्हता. भिंतीला हात लावल्यासारखा होता.

पण खरी भीती दुसरी आहे. अँजेलिना शाळेतून आली की त्यांच्या मांडीवर जाऊन बसते. पूर्वी दोघं भांडायची, आता आवाज नाही. डबा भरलेला परत येतो. बाईंनी शाबासकी दिली, मुलगी किती शांत झाली. काल तिला आंघोळ घालताना पोटावर पंख्याचं लेबल दिसलं. मी ओढलं, ते निघालं नाही, आणि ती रडलीही नाही. नुसती बघत राहिली. संध्याकाळी ती ओट्यावर गेली. दिवा पेटला नाही.

पपा फक्त तुमचं ऐकतात. या, नाहीतर कडक लिहा.

तुमची माया आमच्यावर राहो.

ज्युली


नाशिक, २ मार्च २०२५

ती. दादा,

नमस्कार नंतर. आधी ऐक.

मी थट्टा केली होती. सत्तरी गाठलेल्या माणसाला बहिणीची थट्टा कळू नये? आशीर्वाद फ्रिजमधल्या अन्नाला होता, अन्न खाणाऱ्यांना होता. गोंद लावलेल्या कागदाला नव्हता.

तू विज्ञान शिकवलंस ना? मग तारे कशाचे मिळतात ते सांग. दिवा कमी वीज खातो, पण उजेड तेवढाच देतो, म्हणून त्याला तारे. तू खात नाहीस आणि देतही नाहीस. ह्याला विझणं म्हणतात. आणि विझताना तू त्या पोरीला सोबत घेतो आहेस.

पत्र वाचून झालं की तिचं लेबल काढ. सगळी जाळ, आईसारखी राख पूर. मग पोटभर जेव. मी मदरकडे गावी यायची परवानगी मागितली आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रागावले आहे. माया आहे म्हणून.

आग्नेस


भुईगाव, ७ मार्च

आग्नेस,

वाचलं. पोरीचं काढलं. ज्युलीने जाळलं. पोर जेवली. ओरडली.

माझं निघत नाही. कागद नाही आता तिथे.

घाई नको.

स्टी.


भुईगाव, १४ मार्च २०२५

ती. सिस्टर आत्या यांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला परवानगी मिळाल्याचं कळलं. निघण्याआधी हे हाती पडावं.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलो तर पपा खुर्चीत होते तसेच. नाकाशी आरसा धरला, धुरकट झाला नाही. फ्लॉईड फादरांना बोलवायला गेला. ते येईपर्यंत मी आरसा तसाच धरून होते, तर एकदा धुरकट झाला. मग बराच वेळ काही नाही. डॉक्टर मृत्यूचा दाखला देत नाहीत. फादर दोन्ही तयारीने आले होते, आजाऱ्याच्या अभ्यंगाचं तेल घेऊन आणि शेवटच्या प्रार्थनेचं पुस्तक घेऊन. कोणतं उघडायचं ते मला विचारत होते. मी तेल म्हणाले.

शेजारच्या मटिल्डाबाई फुलं घेऊन आल्या आणि दारातूनच ती परत घेऊन गेल्या.

अँजेलिना चांगली जेवत होती. सारा वाडा डोक्यावर घेत होती. ती पपांच्या कानाशी जाऊन रोज ओरडायची, आजोबा, उठा. मी अडवलं नाही. वाटलं, उठले तर तिच्याच हाकेने उठतील. काल ती ओरडता ओरडता थांबली. बाहेर आली आणि मला खुणेने खाली वाकायला सांगितलं. आजोबा बोलले, म्हणाली. काय बोलले विचारलं.

म्हणाले, हळू.

तेव्हापासून ती कुजबुजतच बोलते. आज सकाळी भाकरीचा तुकडा मोडून अर्धा ताटात ठेवला.

मी तिला घेऊन राजोडीला आईकडे चालले आहे. पपांना टाकून गेले असं लोक म्हणतील, म्हणोत. फ्लॉईड थांबतो आहे. तुम्ही आलात की त्यांच्याशी बोला, पण जास्त वेळ जवळ बसू नका. आणि त्यांनी उत्तर दिलं तर ते मला कळवू नका.

लोभ कमी करू नका.

आपली,
ज्युली